भांडवलाचा ओघ आणि श्रमिकांचे स्थलांतर

परकीय गुंतवणूक आली की रोजगार वाढतो आणि रोजगार वाढला की स्थलांतर थांबते, असा सर्वसाधारण समज आहे. मेक्सिकोचा अनुभव मात्र हे गणित इतके सरळ नसल्याचे दर्शवितो.

मेक्सिकन मजुरांना हंगामी शेतीकामासाठी अमेरिकेत नेणारी ‘ब्रासेरो’ योजना १९४२ मध्ये सुरू होऊन १९६४ अखेर बंद झाली. परतलेल्या मजुरांना काम मिळावे म्हणून मेक्सिकोने १९६५ मध्ये सीमावर्ती औद्योगिकीकरणाचा कार्यक्रम आखला. सुटे भाग करमुक्त आणून त्यांची जुळणी करणारे व तयार माल अमेरिकेस पाठविणारे ‘माकिलादोरा’ कारखाने तेथे उभे राहिले. परतलेले मजूर पुरुष होते. कारखान्यांनी मात्र प्रामुख्याने तरुण स्त्रियांना कामावर घेतले. रोजगार निर्माण झाला, परंतु ज्यांच्यासाठी तो अभिप्रेत होता त्यांच्या वाट्यास तो फारसा आला नाही.

१ जानेवारी १९९४ रोजी उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करार अमलात आला. देशाने माणसे नव्हे, माल निर्यात करावा, अशी तत्कालीन अध्यक्ष कार्लोस सालिनास यांची भूमिका होती. गुंतवणूक वाढली; पण अमेरिकेतील मेक्सिकन स्थलांतरितांची संख्याही १९९० मधील सुमारे ४३ लाखांवरून २००० मध्ये सुमारे ९२ लाखांवर गेली. अमेरिकेतून येणाऱ्या स्वस्त मक्यापुढे लहान शेतकऱ्याचा निभाव लागेना. डिसेंबर १९९४ मध्ये पेसोचे अवमूल्यन झाले. आधी गेलेल्या नातलगांमुळे वाट परिचित होतीच.

समाजशास्त्रज्ञ सास्किया सासेन यांनी १९८८ मध्येच याची मीमांसा केली होती. गुंतवणुकीमुळे पारंपरिक व्यवसाय सुटतो, रोख वेतनाची सवय जडते आणि भांडवल धाडणारा देश ओळखीचा होतो. नोकरी गेल्यावर परतीची वाट गावाकडे न वळता त्या देशाकडे वळते.

हे दोन्ही प्रवाह अखेर बँकेच्या खात्यांत येतात. परंतु त्यांचा स्वभाव भिन्न आहे. २०२० च्या महामारीत जगातील थेट परकीय गुंतवणूक सुमारे एक तृतीयांशाने घटली. त्याच वर्षी मेक्सिकन श्रमिकांनी घरी धाडलेल्या रकमा मात्र वाढल्या. गुंतवणूक नफ्याची शाश्वती पाहते, श्रमिक घरची गरज पाहतो.

म्हणूनच गुंतवणुकीचे मोल ठरविताना किती डॉलर आले याबरोबरच काम कोणास मिळाले आणि मागे राहिलेल्या शेतीचे काय झाले, हेही विचारणे अगत्याचे ठरते.