मॉरिशस बेटांतील दोन स्थळें

हिंदी महासागरांत मादागास्करच्या पूर्वेस मॉरिशस हें लहानसें बेट आहे. ज्वालामुखीच्या उद्रेकानें तें समुद्रांतून वर आलें. शामारेल येथील सप्तरंगी माती ही त्याच अग्नीची देणगी होय. पांप्लेमूस बागेंतील, काठ वर वळलेलीं परातीसारखीं कमलपत्रेंही प्रेक्षणीय आहेत.

परंतु प्रथम पाहावा तो पोर्ट लुई बंदरांतील आप्रवासी घाट. इंग्रज सरकारनें १८३५ सालीं तेथील गुलामगिरी बंद केली. पण उंसाच्या मळ्यांस मजूर तर हवेच होते! तेव्हां कराराचे मजूर आणण्यास आरंभ झाला. १८३४ पासून १९२० पर्यंत हिंदुस्थानांतून जवळजवळ पांच लाख माणसें येथें उतरलीं. त्यांत मुंबईहून गेलेलीं आपलीं कोंकणांतील माणसेंही होतीं. त्यांचे वंशज आजही तेथें मराठी शिकतात व गणेशोत्सव करितात. घाटावर आतां कांहीं दगडी खोल्या व पायऱ्या तेवढ्या उरल्या आहेत. त्या पायऱ्यांवर क्षणभर उभें राहावें.

दुसरें स्थळ नैर्ऋत्येचा ल मोर्न पर्वत. उंची ५५६ मीटर, कडे सरळ तुटलेले. मळ्यांतून पळालेले गुलाम येथील गुहांत लपून राहत. दंतकथा अशी कीं, गुलामगिरी संपल्याची वार्ता घेऊन शिपाई वर येतांना दिसले. ते आपणांस धरावयासच येत आहेत, असें समजून कित्येकांनीं कड्यावरून उड्या टाकल्या. पायथ्याचा समुद्र अतिशय रमणीय आहे. कांहीं प्रवासी तेवढाच पाहून परततात.