मैत्रिणीचे आजारपण आणि रुग्णसेवकाचे पाच गुण

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होता व स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. भगवान बुद्ध आनंदाला सोबत घेऊन निवासस्थानांची पाहणी करीत तेथे आले. तुझी सेवा करणारा कोणी नाही काय, असे त्यांनी विचारले. तो म्हणाला, कोणीही नाही. मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून तेही माझी सेवा करीत नाहीत. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, आणि मग एकाने डोक्याकडून व एकाने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजविले. त्यानंतर संघाला एकत्र करून त्यांनी समज दिली की, तुम्हांला येथे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? ज्याला तथागतांची सेवा करावीशी वाटते, त्याने रुग्णाची सेवा करावी.

हा प्रसंग प्रवचनातून आपण अनेकदा ऐकतो. परंतु त्याच्यापुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. रुग्णाची सेवा करण्यास कोण पात्र आहे, याचे पाच गुण तेथे तथागतांनी सांगितले आहेत. औषधाची व्यवस्था करता येणे, हितकर व अहितकर ओळखता येणे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीचित्ताने सेवा करणे, मलमूत्र, थुंकी, वांती काढताना किळस न वाटणे, आणि योग्य वेळी धम्मकथेने रुग्णाला धीर देता येणे, हे ते पाच गुण होत. म्हणजे केवळ कळवळा पुरेसा नाही. सेवा हे एक कौशल्य आहे व ते शिकावे लागते.

या गुणांचा खरा अर्थ आम्हांला एका मैत्रिणीच्या आजारपणात उमगला. खाजगी शाळेत शिकविणारी, रविवारी विहारात मुलांचा वर्ग घेणारी ही आमची मैत्रीण ४६ वर्षांची असताना तिला अंडाशयाचा कर्करोग असल्याचे निदान झाले, आणि तोही तिसऱ्या अवस्थेत. आम्ही चौघीजणी तेव्हापासून तिच्या सोबतीला आहोत. जे शिकलो ते इतर भगिनींच्या उपयोगी पडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

आधी आजार समजून घेऊ

गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढी एकेक अंडाशयाची ग्रंथी असते. ती पोटात खोलवर असल्यामुळे तेथे झालेली गाठ बराच काळ कळत नाही. पोट फुगणे, दोन घास खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला लागणे ही तिची लक्षणे. ही तक्रार कोणत्या स्त्रीने कधी केली नाही? "गॅस झाला असेल," असे म्हणून आपण ओवा खातो व कामाला लागतो. म्हणूनच बहुतेक रुग्णांत हा आजार पुढच्या अवस्थेत गेल्यावरच सापडतो. पॅप स्मिअर ही तपासणी गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगासाठी असते; तिच्यावर विसंबून अंडाशय निरोगी आहे असे समजू नये. लक्षणे नसलेल्या सर्व स्त्रियांची सरसकट चाचणी करून हा आजार वेळेत पकडता येईल, अशी खात्रीची चाचणी आजही उपलब्ध नाही. तेव्हा ही लक्षणे नव्याने सुरू झाली व दोन-तीन आठवडे जवळजवळ रोज राहिली, तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाऊन सोनोग्राफी करून घ्यावी.

तिसरी अवस्था म्हणजे आजार ओटीपोटाबाहेर, पोटाच्या आतील आवरणावर किंवा लसिकाग्रंथींत पोहोचला आहे. फुफ्फुसाच्या आवरणातील पाण्यात, यकृताच्या आत किंवा त्याहून दूर गेला, तर ती चौथी. उपचार मुख्यतः दोन : शक्य तेवढी गाठ काढून टाकणारी मोठी शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी. कार्बोप्लॅटिन व पॅक्लिटॅक्सेल ही दोन औषधे बहुधा दर २१ दिवसांनी अशी सहा वेळा देतात. काहींना तीन वेळा औषध देऊन मग शस्त्रक्रिया व नंतर उरलेले तीन डोस, असा क्रम असतो. आमच्या मैत्रिणीचा क्रम हाच होता. बहुतेकींना औषधाचा सुरुवातीला चांगला गुण येतो. मात्र अनेकींत आजार काही काळाने उलटतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सोबत करणाऱ्याने दोन्ही ठाऊक ठेवाव्यात, म्हणजे खोटी आशाही देवविली जात नाही आणि नसते भयही दाखविले जात नाही.

आणखी एक गोष्ट रुग्णाच्या मुली व बहिणी यांच्यासाठी. काही कुटुंबांत बीआरसीए-१ व बीआरसीए-२ या जनुकांतील दोषामुळे अंडाशयाचा व स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. हा दोष आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येतो. त्याची रक्तचाचणी रुग्णाला योग्य औषध निवडण्यासाठीही उपयोगी पडते. तिच्याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

पहिला गुण : औषधाची व्यवस्था

पूर्वी हे काम म्हणजे काढा उकळणे असेल. आज ते फाईल सांभाळणे आहे. आम्ही पहिल्याच आठवड्यात एक दोनशेपानी वही केली. डावीकडे तारीख, तपासणी, औषध व खर्च. उजवीकडे डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न. डॉक्टरांसमोर रुग्ण व पती दोघेही घाबरलेले असतात, निम्मे ऐकलेले विसरतात. तिसऱ्या व्यक्तीने लिहून घेतले की घरी येऊन पुन्हा वाचता येते.

पैशाचा प्रश्न आपल्या समाजात औषधाच्या आधी उभा राहतो. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून २०१२ साली सुरू झालेली व २०१७ साली नाव बदललेली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना कर्करोगाच्या अनेक उपचारांना लागू आहे. आता केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडल्यामुळे तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन पैसे भरण्यापूर्वी त्याला भेटावे. रेल्वेप्रवासात कर्करुग्णाला व सोबत्यालाही भाड्यात सवलत मिळते. मुंबईत परळला १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात गावाहून येणाऱ्यांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती या राहण्याच्या परिचित जागा आहेत.

आम्ही बँकेच्या काउंटरवर बसणारे, म्हणून हेही सांगतो. रुग्णाच्या खात्याला नामनिर्देशन आहे काय हे पाहावे. शक्य असल्यास पती किंवा मुलासोबत खाते संयुक्त करून 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' अशी सूचना द्यावी. आजारी खातेदाराला सही करता येत नसेल, तर अंगठ्याच्या ठशावर पैसे काढता येतात; दोन साक्षीदार लागतात व त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असतो. हा विषय काढणे म्हणजे मरणाची भाषा करणे नव्हे. आमच्या मैत्रिणीने हे कागद पूर्ण झाल्यावर "आता मला झोप येईल," असे म्हटले.

दुसरा गुण : हित-अहित ओळखणे

केमोथेरपीनंतर रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात व जंतुसंसर्गाची भीती असते. अशा दिवसांत ताप १००.४ फॅरनहाइटपर्यंत गेला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नये. रात्री असली तरी रुग्णालय गाठावे. आम्ही थर्मामीटर व रुग्णालयाचा तातडीचा दूरध्वनी क्रमांक उशाशी ठेवला होता. ताजे शिजविलेले अन्न आणि उकळलेले पाणी हितकर. सर्दी-खोकला असलेले पाहुणे अहितकर. कोणाच्या सांगण्यावरून परस्पर घेतलेली पुडी, काढा, झाडपाला अहितकर. कारण त्याचा केमोच्या औषधाशी व यकृताशी काय संबंध येईल हे तज्ज्ञालाच विचारले पाहिजे. अंगारे-धुपाऱ्यांविषयी या स्मरणिकेच्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही, तरी आजारपणात मोठमोठ्यांची पावले तिकडे वळतात. आणि "आमच्या नणंदेलाही हेच झाले होते, चार महिन्यांत गेली," असे सांगणारी व्यक्ती ही सर्वांत अहितकर. तिला दारातूनच चहा पाजून निरोप द्यावा.

तिसरा गुण : मैत्रीचित्त

येथे लाभ म्हणजे केवळ पैसा नव्हे. आपले नाव व्हावे, फोटो सर्वांना मोबाईलवर दिसावा, हाही लाभच. भेटीला जाऊन छायाचित्र काढण्याची नवी रीत आम्ही पहिल्या दिवसापासून बंद ठेवली. तसेच "काही लागले तर सांग" हे वाक्य आम्ही सोडून दिले. संकोची बाई कधीच सांगत नाही. त्याऐवजी काम ठरवूनच सांगावे : मंगळवारी व शुक्रवारी भाकरी-भाजी माझ्याकडून येईल, केमोच्या दिवशी तुझ्या मुलाला शाळेतून मी आणीन, या महिन्याचे वीजबिल मी भरते. पाळी लावली की कोणा एकीवर भार पडत नाही आणि सेवा महिनोन्‌महिने टिकते. पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरते. चौथ्या केमोच्या वेळी कोणी नसते. खरी गरज तेव्हाच असते.

चौथा गुण : किळस नसणे

उलट्या होतात. पोटात पाणी साठले तर सुईने काढावे लागते. पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागतात, हातापायांना मुंग्या येतात, साडीची पिन लावता येत नाही. या वेळी तिच्या डोळ्यांना डोळा देऊन शेजारी बसता आले पाहिजे. केमोनंतर सुमारे दोन दिवस औषधाचा अंश मलमूत्रात व वांतीत असतो, म्हणून साफ करताना हातमोजे घालावेत. ती सावधगिरी होय, किळस नव्हे.

कर्करोग स्पर्शाने पसरत नाही. एका ताटात जेवल्याने, पांघरुणाने, कवटाळल्याने तो होत नाही. तरीही एका नातेवाईक बाईंनी तिचा पेला वेगळा ठेवला. वेगळ्या पेल्याचे दुःख काय असते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवावयास नको. महाडच्या तळ्याचे पाणी ज्यांना १९२७ साली ओंजळीने घ्यावे लागले, त्यांच्या घरात आजारी बाईचा पेला वेगळा नसावा. त्या दिवशी आम्ही चौघींनी त्याच पेल्याने आळीपाळीने पाणी प्यालो. कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पेला इतर भांड्यांत परत आला होता.

पाचवा गुण : योग्य वेळी धीर

हा गुण सर्वांत कठीण. सर्व काही अनित्य आहे, ही शिकवण स्वतःच्या चिंतनासाठी आहे. दुसऱ्याच्या खाटेशी उभे राहून ऐकविण्यासाठी नाही. किसा गोतमीला तथागतांनी प्रथम मोहरी आणावयास पाठविले, उपदेश नंतर केला, हे विसरू नये.

"मी असे काय केले म्हणून मला हे झाले?" हा प्रश्न ती विचारतेच. कोणी मागील जन्माचे कर्म काढतो. संयुत्त निकायात मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाने याच मताविषयी विचारले, तेव्हा भगवंतांनी पित्त, कफ, वात, ऋतू अशी वेदनेची अनेक कारणे सांगून, सर्व वेदना पूर्वकर्मानेच होतात हे मत नाकारले. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत अमान्य केला आहे. तेव्हा निःशंकपणे सांगावे : बाई, तू काहीही केलेले नाहीस. हा शरीराचा आजार आहे.

घरचे म्हणतात, "तिला काही सांगू नका." परंतु जिच्या शरीरात सुई जाते, तिला कळल्यावाचून राहत नाही; फक्त बोलावयास कोणी उरत नाही. तिला किती जाणून घ्यावयाचे आहे हे तिलाच विचारावे व तेवढे खरे सांगावे. अंगुत्तर निकायातील नकुलमातेचे उदाहरण येथे आदर्श आहे. पती गंभीर आजारी असता तिने त्याला "तू बरा होशील" असे म्हटले नाही. मी सूत कातीन, लोकर पिंजीन, मुलांना सांभाळीन, धम्मात स्थिर राहीन, तू चिंता घेऊन जाऊ नकोस, असे एकेक चिंता घेऊन तिने सांगितले. तो बरा झाला व भगवंतांनी तिची प्रशंसा केली. आमच्या मैत्रिणीची चिंता मुलाच्या दहावीची होती. त्याच्या अभ्यासाची जबाबदारी आमच्यातील दोघींनी वाटून घेतली, तेव्हा ती जेवू लागली. "आता माझा कोणाला काय उपयोग," असे ती म्हणे, अगदी त्या भिक्खूसारखे. म्हणून रविवारच्या वर्गाच्या वह्या आम्ही तिच्या घरी नेऊ लागलो. बरे वाटेल त्या दिवशी ती लाल शाईने त्या तपासते. सहा डोस पूर्ण झाले आहेत, तपासण्या चालू आहेत. पुढे काय होईल ते आम्ही तिला सांगत नाही आणि तीही विचारत नाही. पुढची तारीख मात्र वहीत लिहिलेली आहे.

रुग्णाचेही पाच गुण महावग्गात आहेत. त्यांतील एक म्हणजे आपले दुखणे सेवकाला जसे आहे तसे सांगणे. "तुम्हांला त्रास कशाला" म्हणून बायका वेदना गिळतात. वेदनाशमन हा उपचाराचाच भाग आहे. तो पहिल्या दिवसापासून मागता येतो, शेवटच्या दिवसांसाठी राखून ठेवावयाचा नसतो. मॉर्फिन मिळणे सुकर व्हावे म्हणून २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८६ पासून शांती अवेदना ही केवळ अशा रुग्णांची काळजी घेणारी संस्था आहे. तिचे नाव घेतले म्हणजे आशा सोडली असे नव्हे.

बंधू-भगिनींनो, प्रत्येक विहारात देणगीची वही असते. तिच्याशेजारी आणखी एक वही ठेवावी. रात्री रुग्णालयात कोण राहू शकेल, अर्ज कोण भरून देईल, गाडी कोणाकडे आहे, कोणाचा रक्तगट कोणता, कोणाच्या घरून डबा जाईल, हे तिच्यात लिहावे. ज्या दिवशी एखाद्या घरात हे निदान होईल, त्या दिवशी त्या घराला शोधत फिरावे लागू नये. वही उघडावी आणि माणसे निघावीत.