मनःस्वास्थ्याची नित्य जोपासना
शिरूर व दौंड तालुक्यांच्या संदर्भात

अंगात ताप भरला की माणूस दवाखाना गाठतो. परंतु मन खचले तर ती गोष्ट तो घरच्यांपासूनही लपवितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ साली अमलात आलेल्या घटनेत शारीरिक, मानसिक आणि सामाजिक सुस्थिती अशी आरोग्याची व्यापक व्याख्या केलेली आहे. तरीही मानसिक आरोग्य हा केवळ मनोरुग्णालयाचा विषय होय, असा समज आपल्याकडे रूढ आहे. वस्तुतः मनःस्वास्थ्य राखले जाते ते घरात, शेतात, शाळेत आणि चावडीवर. आणि ते ढासळू लागल्याची पहिली चिन्हेही तेथेच दिसतात.

ताणाचे स्थानिक स्वरूप

भीमेच्या काठचे शिरूर व दौंड हे शेजारी तालुके पाण्यामुळे आणि उद्योगांमुळे पुढारलेले मानले जातात. परंतु समृद्धीबरोबर ताणही येतात. रांजणगाव आणि कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्या अनेकांना पाळ्यांप्रमाणे झोपेची वेळ बदलावी लागते. दौंड हे मोठे रेल्वे जंक्शन असल्याने तेथील कर्मचाऱ्यांचीही तीच स्थिती असते. ऊस उत्पादकास तोडणीची, देयकाची आणि कर्जाच्या हप्त्याची चिंता असते. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेला तोडणी कामगार उचलीचे ओझे डोक्यावर घेऊन कोपीत राहतो. त्याची मुले शाळेपासून आणि नातलगांपासून दुरावतात. शिरूरच्या ऊसपट्ट्यात बिबट्याच्या वावराची यात भर पडली आहे. रात्री पिकाला पाणी देण्यास गेलेला माणूस आणि घरी त्याची वाट पाहणारे कुटुंब, दोघांचीही झोप उडते.

असा ताण म्हणजे आजार नव्हे. परंतु तो महिनोन्‌महिने साचत गेला आणि बोलण्यास कोणी नसले, की त्याचे रूपांतर आजारात होऊ शकते.

दैनंदिन पथ्ये

झोप हे मनाचे पहिले औषध होय. रात्रपाळी करणाऱ्याने दिवसा अंधाऱ्या, शांत खोलीत सलग झोप घ्यावी, आणि कुटुंबीयांनी तेवढा वेळ त्याला हाक मारू नये. दारूने झोप येते हा भ्रम आहे. ती झोप तुटक असते आणि दुसऱ्या दिवशीची उदासी वाढविते. नियमित आहार, थोडे चालणे आणि दिवसातून एकदा तरी घरच्यांबरोबर बसून जेवणे, या साध्या गोष्टी मनाला आधार देतात. कर्जाचा आकडा एकट्याच्या मनात ठेवण्याऐवजी घरात मांडावा. दोघांनी मिळून केलेला हिशेब चिंतेला मर्यादा घालतो.

काम आणि सोबत यांचे सामर्थ्य दौंड तालुक्यातील केडगावने पूर्वीच पाहिले आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार स्त्रिया व मुली आणल्या आणि केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना आश्रय दिला. तेथे त्यांना केवळ अन्न मिळाले नाही. शिक्षण, शेतीकाम, विणकाम व छपाई यांसारखे उद्योगही मिळाले. सर्वस्व गमावलेल्या माणसास पुन्हा उभे करण्यासाठी उपयुक्त कामाची आणि आपल्या माणसांची किती आवश्यकता असते, हे त्यावरून ध्यानात येते.

धोक्याची चिन्हे

दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकणारी उदासी, झोप व भूक यांत बिघाड, नेहमीच्या कामात मन न लागणे, विनाकारण संशय, व्यसनात वाढ, ही चिन्हे दिसल्यास सल्ला घ्यावा. मुलांमध्ये अभ्यासात अचानक पिछेहाट, एकलकोंडेपणा किंवा वारंवार पोट दुखण्याची तक्रार आढळते. ती शिक्षकाच्या नजरेतून सुटू नये. जगण्यात अर्थ नाही असे कोणी बोलून दाखविल्यास ते थट्टेवारी नेऊ नये. त्यास सरळ व शांतपणे विचारावे, एकटे सोडू नये, घरातील शेतीची विषारी औषधे कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी वैद्यकीय मदत मिळवावी. विचारल्याने असे विचार बळावत नाहीत. उलट मन मोकळे होते.

कायदा आणि सेवा

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अन्वये मानसिक उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे आणि रुग्णास साखळीने बांधून ठेवण्यास मनाई आहे. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे. सल्ल्यासाठी प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्र अथवा तालुक्यातील शासकीय रुग्णालय गाठावे. गंभीर आजारासाठी पुण्यात येरवडा येथे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. व्यसनमुक्तीसाठी पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण कार्यरत आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य समुपदेशन मिळते. मराठीतूनही बोलता येते.

गावाचे कर्तव्य

सेवा असूनही माणूस तेथवर पोहोचत नाही, ही खरी अडचण आहे. बारा राज्यांत झालेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात विकारपरत्वे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांवाचून राहिल्याचे आढळले. हे अंतर गावपातळीवर कमी करता येते, हे विदर्भातील अमरावती जिल्ह्याने दाखविले आहे. तेथील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने स्थानिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिले; सुमारे दीड वर्षात नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

शिरूर व दौंडच्या ग्रामपंचायतींनाही असा आरंभ करणे कठीण नाही. १४४१६ हा क्रमांक शाळा, सोसायटी आणि दूधसंकलन केंद्राच्या भिंतीवर लिहावा. ग्रामसभेत वर्षातून एकदा वैद्यकीय अधिकाऱ्यांचे मार्गदर्शन ठेवावे. आशा कार्यकर्ती, शिक्षक व पंचायत सदस्यांनी एकट्या पडलेल्या वृद्धांची, कर्जात बुडालेल्या कुटुंबांची आणि कोपीत राहणाऱ्या कामगारांची विचारपूस करावी. कळलेली गोष्ट मात्र चारचौघांत बोलू नये. वेळेवर केलेली चौकशी आणि दवाखान्यापर्यंत दिलेली सोबत यांना फारसा खर्च लागत नाही. परंतु त्यामुळे एखादे घर वाचू शकते.