छावणीबाहेरचा मनुष्य आणि रक्ताची तपासणी

शास्त्रभाग : लेवीय १३:१-६, ४५-४६; मार्क १:४०-४५

लेवीयाचा तेरावा अध्याय आला की आमचे शब्बाथ शाळेचे शिक्षक पाने उलटून पुढे जातात. चट्टे आणि केस यांत मुलांना काय शिकवावे? पण एच.आय.व्ही.च्या तपासणीविषयी बोलताना आम्हांस हाच अध्याय उपयोगी पडला.

याजक संशयावरून कोणास अशुद्ध ठरवीत नाही. खूण स्पष्ट नसली तर तो सात दिवस थांबतो आणि पुन्हा पाहतो. आजची तपासणीही अशीच धीराची आहे. विषाणू शिरल्यावर रक्तात त्याची खूण उमटावयास काही आठवडे लागतात. म्हणून लवकर केलेली तपासणी निर्दोष आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा करावी. पहिल्या चाचणीत दोष दिसला तरी आणखी दोन निराळ्या चाचण्या केल्यावाचून सरकारी केंद्रात तसे सांगत नाहीत.

आता छावणीविषयी. आमच्या लोंढ्याहून गाडी घाट उतरून गोव्यात जाते. तेथे १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाने दान केलेल्या रक्तात हा विषाणू आढळला. पोलिसांनी त्यास नेले व बंद पडलेल्या क्षयरुग्णालयात ६४ दिवस एकटे ठेवले. त्याचा अपराध काय, तर रक्तदान! त्याच्या आईने न्यायालयात दाद मागितली. पुढे त्याने अशा रोग्यांसाठी संस्था काढली आणि १९९२ साली तो वारला. आज तसे कोंडता येत नाही. २०१७ च्या कायद्याप्रमाणे संमतीवाचून तपासणी करणे व निकाल इतरांस सांगणे मना आहे.

मार्कातला क्रम पाहा. प्रभूने आधी हात लावला, मग याजकाकडे पाठविले. आपल्या मंडळ्यांत आधी निकाल विचारतात, मग हात लावावा की नाही ते ठरवितात. एका शिक्षिकाबाईंनी आम्हांस वर्गानंतर हळूच विचारले, प्रभुभोजनाच्या एकाच पेल्यातून हा रोग होतो काय? नाही. शरीरसंबंध, दूषित रक्त, दुसऱ्याने वापरलेली सुई, आणि आईकडून बाळास, एवढेच त्याचे मार्ग. आईस वेळेवर औषध मिळाले तर बहुतेक बाळे वाचतात. २००४ पासून सरकार हे औषध फुकट देते. ते नेमाने घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला, की शरीरसंबंधातूनही तो दुसऱ्यास जात नाही. मात्र तपासणीच केली नाही तर औषध कोण देणार?

खानापुरात ओळखीचे भेटतील म्हणून बेळगावास जाणारे आम्ही पाहिले आहेत. खुशाल जावे. १०९७ या क्रमांकावर फुकट माहिती मिळते, नावही सांगावे लागत नाही. आणि पाळकांस व वडीलजनांस एक विनंती : कोणी विश्वासाने निकाल सांगितला, तर तो प्रार्थनासभेत ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून वाचू नये.

वर्गासाठी प्रश्न : ‘कोणास सांगू नको’ असे बजावूनही गोष्ट गावभर झाली. मार्क १:४५ प्रमाणे मग गावाबाहेर कोणास राहावे लागले?