एचपी तोच, जोर वेगळा

वाङ्मय मंडळाच्या अंकात गणित बघून दचकू नका. मी साहित्याचीच विद्यार्थिनी. पण खानापूरजवळ आमची पिठाची गिरणी आहे, आणि नाताळाला आठवडा उरला असताना तिची मोटर जळाली. दुकानात सांगितलं, "ही न्या, पाच एचपीचीच आहे, स्वस्तही पडेल." पप्पांनी आणली. बसवली, तर गिरणी थरथरायला लागली, पीठ गरम येऊ लागलं आणि स्टार्टर सारखा ट्रिप व्हायला लागला. उत्तर मोटरच्या प्लेटवरच होतं: जुनीवर १४४० आरपीएम, नवीवर २८८०. मग मी बारावीचं भौतिकशास्त्राचं पुस्तक शोधून वही घेऊन बसले.

आजीचं जातं आठवा. खुंटा मध्यापासून जितका लांब, तितकं दळण हलकं. लावलेला जोर गुणिले मध्यापासूनचं अंतर म्हणजे टॉर्क, फिरवण्याचा जोर. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. तोच जोर ठेवून जातं दुप्पट वेगाने फिरवलं, तर पॉवर दुप्पट लागते. म्हणजे:

पॉवर (वॅट) = टॉर्क × कोनीय वेग

एक फेरा म्हणजे २π रेडियन, आणि आरपीएम म्हणजे मिनिटाचे फेरे. म्हणून कोनीय वेग = २π × आरपीएम ÷ ६०. पॉवर किलोवॅटमध्ये घेऊन समीकरण उलटवलं की सोपं सूत्र मिळतं:

टॉर्क = ९५५० × किलोवॅट ÷ आरपीएम

एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. पाच एचपीचे ३७३० वॅट होतात, प्लेटवर ३.७ किलोवॅट लिहितात.

जुनी मोटर: ९५५० × ३.७ ÷ १४४० = सुमारे २४.५ न्यूटन-मीटर.
नवी मोटर: ९५५० × ३.७ ÷ २८८० = सुमारे १२.३ न्यूटन-मीटर.

वेग दुप्पट, जोर निम्मा! आमच्या मोटरला चार इंची पुली आणि गिरणीला आठ इंची. त्यामुळे गिरणीचा वेग मोटरच्या निम्मा आणि टॉर्क दुप्पट होतो (पट्ट्यातली घट सोडून). पूर्वी दगड ७२० आरपीएमने फिरायचा, जोर ४९ न्यूटन-मीटर. आता तोच दगड १४४० ने पळवायचा आणि जोर मात्र २४.५. मोटर बिचारी जास्त करंट ओढणार, स्टार्टर ट्रिप होणारच. मोटरची पुली दोन इंची केली तर हिशेब जुळतो, पण इतक्या लहान पुलीवर पट्टा नीट पकड घेत नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. प्लेटवरचे किलोवॅट हे शाफ्टवर मिळणारी पॉवर असतात. मोटर विजेच्या लाइनमधून त्याहून जास्त घेते, तो आकडा सूत्रात घालू नका. आणि १५०० नाही, पूर्ण लोडचा प्लेटवरचा वेगच घ्या.

आता तुम्ही करून बघा: २.२ किलोवॅट, ९६० आरपीएम. उत्तर सुमारे २१.९ यायला हवं. तीन एचपीची मोटर, पण टॉर्क आमच्या पाच एचपीच्या जुन्या मोटरच्या जवळपास!

पप्पांनी वही बघितली, मोटर परत केली आणि फरकाचे पैसे भरून १४४० ची आणली. नाताळाच्या आदल्या दिवशी गिरणी सुरू झाली. पीठ थंड होतं.