साधा सी-18 पीएच 10 वर लावू नकोस

लातूर

चि. सायली,


नांदेडला विष्णुपुरीच्या प्रयोगशाळेत प्रोप्रॅनोलॉलच्या पीकला शेपटी येते म्हणून तू बफर पीएच 10 वर नेणार, हे फोनवर कळलं. विचार चुकीचा नाही. त्याचा पीकेए साडेनऊच्या आसपास. पीएच वर गेला की रेणूवरचा भार उतरतो, शेपटी आखडते. पण तुमच्या साध्या सी-18 कॉलमचे कण सिलिकाचे आहेत, आणि पीएच 8 च्या पुढे सिलिका विरघळू लागते.

पुष्कळांना वाटतं, कार्बनच्या साखळ्या गळतात. ते आम्लात. अल्कलीत साखळीखालचा दगडच झिजतो. मग भरण खचतं, तोंडाशी पोकळी पडते. कणगीतली ज्वारी किड्यांनी पोखरली की वरची पातळी खाली बसते ना, अगदी तसं.

हे मी नोकरीत शिकले. एका शनिवारी पीएच 9 चा फॉस्फेट बफर, ओव्हन 50 अंशांवर आणि प्रवाह मंद चालू, असं सोडून घरी आले. सोमवारी एका पीकचे दोन झाले होते. कॉलम नवा होता. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. उष्णतेनं सिलिका झपाट्यानं विरघळते, फॉस्फेटनंही, आणि वाहता बफर विरघळलेलं सगळं सोबत घेऊन जातो. बोरेट किंवा ट्रिस त्या मानानं सौम्य. नांदेडच्या मे महिन्यात एसी बंद पडला तर ओव्हनवर 30 लिहिलेलं असून उपयोग नाही. साधं ओव्हन तापवतं, थंड करत नाही.

म्हणून आधी पीएच 3 वर, चांगल्या एंडकॅप केलेल्या कॉलमवर करून बघ. नाहीच जमलं, तर तुमच्या सरांकडे हायब्रिड कॉलम माग. 1999 मध्ये वॉटर्स कंपनीनं एक्सटेरा हा तसा कॉलम आणला, त्यानंतरच्या एक्सब्रिजमध्ये कणातच एथिलीनचे पूल आहेत. तो पीएच 12 पर्यंत चालतो. प्रोप्रॅनोलॉल पूर्ण भारमुक्त हवं तर साडेअकरा लागेल, आणि ते साध्या सिलिकाला झेपणारच नाही.

काम संपलं की आधी 10 टक्के मिथेनॉल असलेल्या पाण्यानं बफर काढ, मगच अ‍ॅसिटोनायट्राइल सोड. उलट केलंस तर क्षार आतच बसतील.

पीएच 3 चा पहिला क्रोमॅटोग्राम आला की टेलिंग फॅक्टर लिहून मला पाठव.

तुझी,
मावशी