अनुभवाकडे वळून पाहणे : घरी शुश्रूषा करणाऱ्यांसाठी एक पाठ



वृद्ध, अंथरुणाला खिळलेल्या अथवा अपंग व्यक्तीची घरी शुश्रूषा करणारा प्रत्येक जण रोज काही ना काही शिकत असतो. मात्र दिवस सरला की शिकलेलेही विसरले जाते आणि तीच चूक पुन्हा घडते. वर्षानुवर्षे काम केल्याने हात सराईत होतात, पण समज वाढतेच असे नाही. समज वाढण्यासाठी घडलेल्या गोष्टीकडे शांतपणे वळून पाहावे लागते. हे वळून पाहणे कसे करावे, ते या पाठात सांगितले आहे. वेतन घेऊन शुश्रूषा करणाऱ्या ताई-दादांसाठी तो आहे, तसाच घरातील मुलगा, सून, लेक व जोडीदार यांच्यासाठीही आहे. या सर्वांना आपण येथे ‘परिचारक’ म्हणू.

ही गरज आजच का?

भिलाईचा पोलाद कारखाना १९५९ साली सुरू झाला आणि त्याच्या आधाराने अनेक मराठी कुटुंबे या भागात स्थिरावली. त्या काळी विशीत असलेली पिढी आज ऐंशी ओलांडून गेली आहे. बोरसीसारख्या वसाहतींतील कित्येक घरांत आता आजी-आजोबा एकटे राहतात, मुले नोकरीनिमित्त दूरच्या शहरांत असतात आणि दिवसभराची देखभाल बाहेरून येणाऱ्या ताईंकडे असते. ताईंची बोली बहुधा छत्तीसगढी, आजींची मराठी. एरवी आजी हिंदीत उत्तम बोलतात, परंतु दुखणे वाढले, ताप चढला किंवा स्मृती क्षीण झाली की मनुष्य सहसा मातृभाषेकडे वळतो. अशा वेळी एक शब्द न कळल्यामुळेही धोक्याची सूचना हातची निसटू शकते.

वळून पाहण्याची परंपरा

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली शुश्रूषेवर पुस्तक लिहिले. ते प्रशिक्षित परिचारिकांपुरते नव्हते. घरी कोणाच्या तरी आरोग्याची जबाबदारी वाहणाऱ्या सामान्य स्त्रियांना विचार करण्यास साहाय्य व्हावे, हा त्याचा हेतू होता. रुग्णाचे नेमके निरीक्षण कसे करावे, यासाठी त्यांनी त्यात स्वतंत्र प्रकरण दिले. पुढे १९८८ साली ग्रॅहॅम गिब्ज यांनी अनुभवातून शिकण्याच्या सहा पायऱ्या मांडल्या. जगभरातील परिचर्या विद्यालयांत त्या आजही शिकवल्या जातात.

आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्याचे उदाहरण अधिक जवळचे आहे. तेथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवले. घरोघरी जाऊन नवजात बाळाला पाहावे, दिसेल ते लिहावे आणि ती नोंद जाणकाराकडून तपासून घ्यावी, अशी कामाची रीत होती. या कामामुळे नवजात बाळांचे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले, हे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मोठी पदवी नसलेली व्यक्तीही शिस्तीने पाहू व नोंदवू लागली तर जीव वाचू शकतात, हे त्यातून दिसले.

चार प्रश्न

घरच्या वापरासाठी आपण सहा पायऱ्यांऐवजी चार प्रश्न घेऊ. एक साधी वही ठेवावी. दिवसाच्या शेवटी दहा मिनिटे बसून, त्या दिवशी मनात राहिलेल्या एकाच प्रसंगाविषयी लिहावे.

१. काय घडले? (वेळ, स्थळ, पाहिलेले, ऐकलेले. येथे मत नको.)
२. त्या वेळी माझ्या मनात काय आले? (भीती, चीड, घाई, कंटाळा. जे असेल ते.)
३. असे का झाले असावे?
४. पुन्हा असे झाल्यास मी काय करीन?

एक काल्पनिक उदाहरण

समजा, बोरसीतील एका घरी ८२ वर्षांच्या आजी आहेत. त्यांना रक्तदाबाचा त्रास आहे. सकाळी त्या ताईंना म्हणतात, “डाव्या हाताला मुंग्या आल्यात गं.” ताईंना शब्द कळत नाही. शेजारी सांगतात, मुंगी म्हणजे चांटी. ताई अंथरूण झटकतात, चादर बदलतात. चांटी कोठेच दिसत नाही. थोड्या वेळाने आजी बऱ्या दिसतात आणि विषय मागे पडतो. सायंकाळी ताई वही उघडतात.

*काय घडले?* सकाळी नऊच्या सुमारास आजी डाव्या हाताविषयी बोलल्या. साधारण दहा मिनिटांनी ठीक झाल्या. त्याच वेळी चहाचा कप त्यांच्या डाव्या हातातून निसटला होता.
*मनात काय आले?* चांटी नव्हती, म्हणजे आजींना भास होत असावा. चहा सांडल्याची चीडही आली.
*असे का झाले?* शब्दाचा अर्थ शेजाऱ्यांना विचारला, पण हाताला नेमके काय होते हे आजींना विचारले नाही. कप पडणे आणि हात, यांचा संबंध जोडला नाही.
*पुढे काय?* शब्द कळला नाही तर हाताने दाखवायला सांगीन. दोन्ही हात वर उचलायला सांगीन. घरी लगेच फोन करीन.

तिसऱ्या उत्तराशी येताच ताई थबकतात आणि आजींच्या मुलाला फोन लावतात. ‘मुंग्या येणे’ म्हणजे झुनझुनी, बधिरता, हे मुलाला ठाऊक आहे. आजींना त्याच रात्री रुग्णालयात नेले जाते.

मेंदूचा रक्तपुरवठा क्षणभर खंडित होऊन पूर्ववत झाला, तर अशीच लक्षणे दिसतात व जातात. त्यानंतरच्या काही दिवसांत मोठा पक्षाघात येण्याचा धोका अधिक असतो. म्हणून लक्षण ओसरले तरी त्याच दिवशी तपासणी आवश्यक आहे. आजींच्या बाबतीत ही सूचना सकाळी निसटली होती. सायंकाळच्या दहा मिनिटांनी ती परत हाती आली.

लक्षात ठेवा : काही वेळी वहीसाठी थांबू नये

चेहऱ्याची एक बाजू ओघळणे, एका हातापायातील शक्ती जाणे, बोलणे अडखळणे, अचानक दिसेनासे होणे यांपैकी काहीही आढळल्यास तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. लक्षण किती वाजता सुरू झाले, ते सांगावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. अशा रुग्णाला तोंडाने पाणी अथवा औषध देऊ नये. नोंद नंतर करावी.

वहीत काय टिपावे?

- कुशीवर वळवण्याच्या वेळा. स्वतः हलू न शकणाऱ्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी. कंबर, टाच व माकडहाडाजवळची कातडी लाल दिसल्यास बोटाने दाबून पाहावे; लाली दाबल्यावरही जात नसेल तर ती शय्याव्रणाची सुरुवात असू शकते.
- जेवताना ठसका लागला काय, कोणत्या पदार्थाने लागला. भरवताना रुग्ण ताठ बसलेला असावा आणि जेवणानंतर किमान अर्धा तास तसाच राहावा.
- वागण्यातील अचानक बदल. कालपर्यंत ओळखणारे आजोबा आज गोंधळलेले असतील, तर ‘वय झाले’ म्हणून सोडू नये. जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे किंवा नवे औषध हे कारण असू शकते. डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे.
- शेवटच्या पानावर शब्दांची यादी : मुंग्या येणे म्हणजे झुनझुनी, घेरी म्हणजे चक्कर, मळमळ म्हणजे जी मिचलाना. छत्तीसगढीत ‘जाड़’ म्हणजे थंडी, मराठीत ‘जाड’ म्हणजे स्थूल. असे फसवे शब्दही लिहावेत.

लिहिता न येणाऱ्यांनी मोबाइलवर आवाज नोंदवावा, अथवा घरातील कोणास सांगून लिहून घ्यावे. वहीतील मजकूर व रुग्णाची छायाचित्रे व्हॉट्सअॅपवर पाठवू नयेत. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवणे पुरेसे आहे.

कुटुंबीयांची जबाबदारी

वहीत लिहिलेल्या चुकीसाठी रागावणे अथवा पगार कापणे, यामुळे वही खोटी होते. पुढच्या पानावर ‘सर्व ठीक’ एवढेच लिहिलेले आढळेल आणि धोका वाढत राहील. आठवड्यातून एकदा अर्धा तास परिचारकाबरोबर बसावे, वही ऐकावी, आपल्याकडून काय राहिले तेही सांगावे. त्यांच्या कामाचे तास ठरवावेत, साप्ताहिक सुटी द्यावी आणि रात्रपाळीनंतर झोप मिळेल असे पाहावे. थकलेल्या माणसाचे निरीक्षण बोथट होते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विशेष जपून ऐकावे. रुग्णाची चीड येणे मानवी आहे. त्या चिडीपायी रुग्णावर ओरडणे, हात उगारणे अथवा त्याला बांधून ठेवणे मात्र कदापि क्षम्य नाही. चीड वारंवार येत असल्यास ती विश्रांतीची व मदतीची गरज समजावी.

सराव

आजच रात्री एक प्रसंग निवडा आणि चारही प्रश्नांची उत्तरे लिहा. सात दिवसांनी सर्व पाने एकत्र वाचा. एकच अडचण दोनदा आढळली, तर ती डॉक्टरांना किंवा आपल्या वस्तीतील मितानिन दीदींना दाखवा. छत्तीसगढमध्ये २००२ पासून मितानिन वस्तीपातळीवर आरोग्याचे काम करीत आहेत.

मदतीसाठी दूरध्वनी क्रमांक

रुग्णवाहिका : १०८
ज्येष्ठ नागरिक साहाय्य, एल्डरलाइन : १४५६७
मानसिक आरोग्य सल्ला, टेली-मानस : १४४१६

ज्याची शुश्रूषा आपण करता, त्याला आपले दुःख नेहमीच आपल्या भाषेत सांगता येईल असे नाही. ते नीट पाहणे, टिपणे आणि विचारणे आपल्या हाती आहे. दिवसातील दहा मिनिटे त्यासाठी अवश्य राखून ठेवावीत.